वहिनीला राग आला

माझी वहिनी सात वर्षं कुणावर रागावली नाही. आमच्या घरात तिचा एवढा एकच गुण मान्य होता. बाकी ती आळशी होती, ढिली होती, झोपाळू होती, पण "उलटून बोलत नाही" असं आई चारचौघींत सांगायची. ती उलटून का बोलत नाही हे मला कळलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि धुळ्याला एका शाळेत शिकवत होते. त्याला आता खूप वर्षं झाली. माझा राग काही गेलेला नाही. तो कमी व्हावा म्हणून मी हे लिहीत नाही.

आमचं गाव एदलाबादच्या पुढे, पूर्णेच्या अंगाला. एदलाबादला आता मुक्ताईनगर म्हणतात. घरची केळी, थोडा कापूस. वडील कमी बोलणारे, आई घर चालवणारी, एक मोठा भाऊ आणि मी. भाऊचं लग्न झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. वहिनी पारोळ्याकडची. तिचं बोलणं आमच्यापेक्षा वेगळं. आम्ही "आहे" म्हणायचो तिथे ती "शे" म्हणायची, आणि मी तिच्या मागे मागे फिरत "शे, शे" करून तिला चिडवायचे. ती चिडायची. हातात असेल ते घेऊन माझ्या मागे धावायची. एकदा ओल्या पिठाचा हात माझ्या पाठीवर उमटवला होता तिने. तेव्हाची वहिनी अशी होती. खापरावरचे मांडे करायला बसली की पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत पसरवायची आणि जाळीसारखा पातळ झाला की खापरावर टाकायची. शेजारच्या बायका बघायला यायच्या. आईला ते आवडायचं नाही, पण पाहुणे आले की मांडे वहिनीनेच करायचे.

लग्नानंतर दीड-दोन वर्षांनी तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई वारलेली होती आणि तिकडे करणारं कोणी नव्हतं. म्हणून आमच्याकडेच झालं. सुईण आली. सकाळपासून कळा सुरू होत्या, दुपारी मुलगी झाली. मी दाराबाहेर गरम पाण्याची बादली घेऊन उभी होते. मुलगी रडली, सगळे हसले, आणि मग आतलं हसणं थांबलं. वार पडेना. सुईण पोट चोळत होती, वहिनीच्या तोंडात तिच्याच केसांची वेणी कोंबून तिला उबळ आणायला सांगत होती. तासाभराने वार पडली, पण तिच्यामागून रक्त सुरू झालं ते थांबेना. जुनी लुगडी, गोधड्या, पोती, जे सापडेल ते आई आत फेकत होती आणि ते सगळं बाहेर आणून टाकायचं काम माझ्याकडे होतं. मी पंधरा वर्षांची होते. एका गोधडीत एवढं वजन असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी जीपगाडी आणून तिला एदलाबादला नेलं. तिथल्या खाजगी डॉक्टरने इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं, रक्त थांबलं. तो म्हणाला, "हिला जळगावला न्या. रक्त द्यावं लागेल."

भाऊ विचारायला घरी आला. आई म्हणाली, "रक्त थांबलं ना? मग आता काय जळगावले नेतो? कोणाचं रक्त भरतील, कोणा जातीचं, काय माहीत."

वडील उठून शेतावर गेले. तिला नेलं नाही.

दीड दिवस ती शुद्धीवर नव्हती. मग डोळे उघडले. वाचली म्हणून आईने मुक्ताईला नारळ फोडला. सगळ्यांना वाटलं, संपलं.

बाळाला छातीशी धरलं, पण दूध आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, महिन्यानेही नाही. डिंकाचे, हळिवाचे लाडू खाऊ घातले. शतावरी दिली. मूल ओढून ओढून रडायचं आणि वहिनी भिंतीला डोकं टेकून नुसती बसायची. आई म्हणायची, "जनावरालेही दूध येतं." हे ती वहिनीसमोर म्हणायची. माझी भाची शेळीच्या दुधावर वाढली. शाळेत जाण्यापूर्वी मी बाटली भरायचे आणि आल्यावर पुन्हा भरायचे.

त्यानंतर पाळी आली नाही. कधीच आली नाही. ही गोष्ट आमच्या घरात लपण्यासारखी नव्हती, कारण पाळी आली की बाईने तीन दिवस पडवीत बाजूला बसायचं, हे अख्ख्या गल्लीला दिसायचं. वहिनी बसेना, तेव्हा आधी आई खूश झाली. तिला वाटलं, पुन्हा दिवस गेले. चार महिने झाले, पोट दिसेना. मग सुरू झालं. आधी वैदू, मग एक भगत, मग पुन्हा तोच एदलाबादचा डॉक्टर. त्याने पाळी आणायच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की पाळी यायची, वहिनी पडवीत बसायची, आई देवापुढे दिवा लावायची. गोळ्या संपल्या की पुन्हा काही नाही. असं तीनदा केलं. शरीर स्वतःहून का काही करत नाही, असा प्रश्न त्या डॉक्टरला पडला नाही. त्याच्या भिंतीवर प्रमाणपत्रं टांगलेली होती. मी ती वाचत बसायचे.

वहिनी हळूहळू दुसरीच बाई झाली. कातडी मेणासारखी पांढुरकी आणि कोरडी झाली. भुवयांचे बाहेरचे केस गेले. चेहरा सुजल्यासारखा, आवाज जाड. एक वाक्य बोलायला तिला एवढा वेळ लागायचा की समोरचा माणूस मध्येच उठून जायचा. चुलीपुढे बसल्या बसल्या तिला डुलकी लागायची आणि वरण करपायचं. मांडे तिने पुन्हा केले नाहीत. एकदा प्रयत्न केला, पण हात खांद्यापर्यंत वर राहीनात. गोळा फाटून राखेत पडला. तिने तो उचलला, पुसला आणि बाजूला ठेवला. रडली नाही.

आणि थंडी. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याला हात लागला तर फोड येतो. लोक ओली चादर अंगावर घेऊन झोपतात. त्या उन्हात वहिनी भाऊचा लोकरी स्वेटर घालून ओट्यावर बसायची. "माले थंडी वाजी ऱ्हायनी," म्हणायची. गल्लीतली पोरं तिला बघून हसायची. मीही हसले आहे. मी कॉलेजातून सुट्टीला आले होते, मैत्रीण बरोबर होती, आणि मी त्या मैत्रिणीला म्हटलं, "आमच्या वहिनीची सगळी कामं टाळायची तऱ्हा बघ." वहिनीने ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि हळूच नजर वळवली. पूर्वीची वहिनी असती तर माझ्या पाठीवर हात उमटला असता.

आई सांगायची, "दिसभर लोळून राहते. तिले काय झालं? चांगली खाते-पिते." ती खात नव्हती. तिला भूकच नव्हती. पण चेहरा सुजलेला, म्हणून सगळ्यांना वाटायचं, खाऊन फुगली.

बाळंतपणानंतर पाचव्या वर्षी भाऊने दुसरं लग्न केलं. मी डी.एड. करून धुळ्याला नुकतीच नोकरीला लागले होते. वडिलांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की वहिनीला विचारलं आहे आणि तिची संमती आहे. मी पत्र दोनदा वाचलं. दोन वर्षं बालमानसशास्त्र शिकलेली, कमावती मुलगी मी. कायद्याने हे लग्न होत नाही हे मला माहीत होतं. मी रजा टाकली, साडी घेतली आणि लग्नाला गेले. पंगतीत बसून जेवले. वहिनी कोपऱ्यात स्वेटर घालून बसली होती. मी तिला विचारलं, "वहिनी, तुम्ही खरंच हो म्हणालात?"

ती खूप वेळाने म्हणाली, "इचारं त्यासनी. मी मान हालाई."

बस. तिच्यात नाही म्हणायची ताकदच उरलेली नव्हती, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला संमती म्हटलं. मी पुन्हा बसने धुळ्याला गेले आणि सोमवारी मुलांना पाढे शिकवले.

भाऊची दुसरी बायको माझ्यापेक्षा लहान होती. तिला मी इथे धाकटी म्हणते. गरीब घरची, घाबरलेली. आम्ही तिला वाईट ठरवायला तयारच होतो, पण घरात पहिल्यांदा वहिनीकडे नीट बघितलं ते तिने. वहिनीला आंघोळ घालायचं, वेणी घालायचं काम तिच्याकडे आलं होतं. एकदा मी गावी आले तेव्हा तिने मला गोठ्यामागे नेलं आणि म्हणाली, "ताई, अक्काच्या अंगाले घामच येत नाही. एवढं ऊन, पण पाठ कोरडी. आणि काखेतले केस पण सगळे गेले. हा काहीतरी आजार आहे. तुम्ही शिकलेल्या आहात ना?"

मी म्हटलं, "बघू." बघू म्हणून मी पुन्हा धुळ्याला निघून गेले. पण तिने भाऊच्या मागे लागून वहिनीला जळगावला एका डॉक्टरकडे नेलं. त्याने रक्त तपासून सांगितलं की थायरॉईड कमी आहे. गोळ्या दिल्या. निदान कुणीतरी काहीतरी शोधलं, असं मला वाटलं. पण गोळ्या सुरू केल्यावर वहिनी सुधारायच्या ऐवजी कोसळली. उलट्या, पोटदुखी, उठून बसवलं की डोळ्यांपुढे अंधार. आई म्हणाली, "बघा, औषधही लागू पडत नाही. नशीबच खोटं." केळीची कापणी चालू होती, रेल्वेच्या वॅगनी भरायच्या होत्या. भाऊला वेळ नव्हता.

धाकटीने कुणाला न विचारता वहिनीला एसटीत घातलं. एका हाताने वहिनीला धरून आणि दुसऱ्या हाताने सात वर्षांच्या भाचीला धरून ती एदलाबादहून जळगाव, जळगावहून धुळे अशी आली. ती बाई त्याआधी एकटी कधी तालुक्यालाही गेली नव्हती. माझ्या शाळेच्या फाटकात उभी राहिली आणि म्हणाली, "मी आणली. आता पुढचं तुम्ही बघा."

धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात आम्ही तिला नेलं. बाहेर प्रचंड गर्दी. आत एक पन्नाशीचे डॉक्टर होते, बसलेल्या आवाजाचे, थकलेले. मी हातातली फाईल पुढे केली आणि भराभर सांगायला लागले: अशक्तपणा, सुस्ती, थायरॉईड, औषध लागू पडत नाही. त्यांनी फाईल उघडली नाही. ते वहिनीकडे बघत होते. तिच्या भुवया बघितल्या, हाताची कातडी चिमटीत धरून बघितली, बीपी दोनदा मोजलं.

"मुलं किती?"

मी म्हटलं, "एक. ही मुलगी."

"बाळंतपणात रक्त गेलं होतं?"

"हो, खूप. पण त्याला सात वर्षं..."

"त्यांना विचारतोय मी," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून वहिनीच्या अगदी जवळ बसले आणि हळू, सुटं सुटं विचारलं, "बाई, मुलगी झाल्यावर तुम्हाला दूध आलं होतं का?"

वहिनीला उत्तर द्यायला वेळ लागला. बाहेर रांग होती, आत परिचारिका चुळबूळ करत होती. डॉक्टर थांबले.

"दूध उनंच नही," वहिनी म्हणाली. "एक थेंब बी नही."

"आणि पाळी?"

"नही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि परिचारिकेला स्टिरॉइडचं इंजेक्शन ताबडतोब आणायला सांगितलं. रक्ताचे नमुने घेतले, ते मुंबईला जाणार होते. "रिपोर्ट यायला दिवस लागतील," ते म्हणाले. "मी थांबणार नाही. यांच्याकडे तेवढा वेळ नाही."

संध्याकाळी वॉर्डात त्यांनी मला समजावून सांगितलं. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. गरोदरपणी ती वाढते, तिला जास्त रक्त लागतं. बाळंतपणात भयंकर रक्तस्राव झाला आणि वेळेवर रक्त दिलं नाही, तर ती ग्रंथी रक्ताविना मरते. दूध यायचा, पाळी यायचा, थायरॉईडने काम करायचा हुकूम तिच्याकडून जातो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी जे संप्रेरक तयार करतात, ज्याच्या जोरावर माणूस ताप, उपास, धक्का सोसतो, त्याचाही हुकूम तिचाच. ती गेली की बाकीच्या ग्रंथी जिवंत असूनही गप्प बसतात. "थायरॉईडची गोळी चूक नव्हती," ते म्हणाले, "पण ती आधी द्यायची नव्हती. आधी स्टिरॉइड, मग थायरॉईड. उलटं केलं की शरीराची गरज वाढते आणि ती भागवायला काही नसतं. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर तुम्ही यांना आणूच शकला नसता."

मी विचारलं, "हे आधी कळलं असतं का?"

ते म्हणाले, "दूध आलं नाही तेव्हाच."

मी वॉर्डाबाहेर जाऊन जिन्यात बसले. आमच्या घरात ते प्रत्येकाला माहीत होतं. आईला, भाऊला, सुईणीला, त्या एदलाबादच्या डॉक्टरला, मला. मी तर रोज शेळीचं दूध बाटलीत भरत होते. लोक म्हणतात, तेव्हा सोयी नव्हत्या, खेड्यात कुठे यंत्रं होती. हा प्रश्न विचारायला यंत्र लागत नव्हतं. एका बाईला तिच्या अंगाबद्दल विचारायचं आणि तिचं उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं, एवढंच लागत होतं. सात वर्षांत ते कुणाला जमलं नाही. आळशी हा शब्द आम्हाला सापडला होता आणि तो आम्हाला पुरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तर वहिनी उशीला टेकून बसली होती. धाकटी तिच्या पायाशी. वहिनी म्हणाली, "ताई, माले भूक लागनी."

मी खोलीवर जाऊन भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा करून आणला. तिने दीड भाकरी खाल्ली. खाताना तिच्या कपाळावर घाम आला. धाकटीने तो पदराने पुसला आणि रडायला लागली. भाची घाबरून आमच्याकडे बघत होती. स्वतःच्या आईला असं जेवताना तिने कधी बघितलंच नव्हतं.

मग थायरॉईडची गोळी थोडी थोडी सुरू झाली. आठवड्याभरात आवाज मोकळा झाला, वाक्यं भरभर यायला लागली. ती मला प्रश्न विचारू लागली. घरात कोण कधी आजारी पडलं, शेत कोण बघतं, पारोळ्याला तिचे वडील कसे आहेत. तिचे वडील तीन वर्षांपूर्वी वारले होते. ती अंत्यविधीला गेली होती. तिला ते नीट आठवत नव्हतं. ती त्यांच्यासाठी तेव्हा रडली, त्या वॉर्डात, तीन वर्षांनी.

दहाव्या दिवशी भाऊ आणि आई आले. आईने केळीची फणी आणली होती. वहिनी खाटेवर बसून स्वतःचे केस विंचरत होती. भाऊ म्हणाला, "बरी दिसतेस की. चल आता घरी."

वहिनीने कंगवा खाली ठेवला. "तुम्ही दुसरं लग्न केलं," ती म्हणाली. एखादी बातमी आजच कळल्यासारखी.

भाऊ माझ्याकडे बघू लागला. आई म्हणाली, "तुले विचारूनच केलं वं."

"मी बैल व्हतू का?" वहिनी म्हणाली. आवाज चढला होता. बाजूच्या खाटांवरच्या बायका वळल्या. मग ती बोलतच राहिली, तिच्या अहिराणीत, न थांबता. आपल्याला रक्त का दिलं नाही, हे विचारलं. जनावरालाही दूध येतं असं कोण म्हणालं, ते विचारलं. भगताने पाठीवर ओढलेले डाग दाखवले. तिला सगळं आठवत होतं. मला वाटायचं, ती ऐकत नाही, समजत नाही. ती सगळं ऐकत होती आणि साठवत होती, फक्त रागवायला लागते ती ताकद तिच्याकडे नव्हती. ती आता गोळ्यांतून येत होती. भाऊने एकदाच म्हटलं, "लोक ऐकून राहिले." ती म्हणाली, "आयकू द्या."

मग ती माझ्याकडे वळली. "आन तू," ती म्हणाली. "तू त शिकेल व्हती."

 

एवढं होऊनही ती गावी परत गेली. जाणार कुठे, असा प्रश्न होता, आणि मी तिला रहा म्हणाले नाही. माझी एकच खोली आहे, असं मी स्वतःला सांगितलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळ्या जन्मभर, एक दिवसही चुकवायच्या नाहीत, आणि ताप आला की स्टिरॉइडची गोळी दुप्पट. मी ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. दोन महिन्यांनी गावातल्या एका कंपाउंडरने आईला सांगितलं की स्टिरॉइड वाईट, हाडं खातं. आईने गोळ्या उचलून ठेवल्या. ती म्हणे भल्यासाठीच. आणि खरं तर वहिनी आता फार बोलायला लागली होती, घरात कुणाला ते सोसत नव्हतं. चौथ्या दिवशी वहिनी उठेना. धाकटीने आईच्या धान्याच्या कोठीत हात घालून डबी शोधली, गोळ्या चमच्यात विरघळवून तिला पाजल्या आणि शेजाऱ्याकडून माझ्या शाळेत फोन लावला.

मी गेले. या वेळी बघू म्हणाले नाही. वहिनी खाटेवर होती, शुद्धीवर आली होती. मी आईला म्हटलं, "हिला आणि पोरीला मी नेते."

आई म्हणाली, "पोरीले ने. पोरगीच आहे." भाऊ दारात उभा होता.  त्या वेळी धाकटीला दिवस गेले होते आणि घरात मुलाचीच वाट बघत होते, त्यामुळे मुलगी गेली काय आणि राहिली काय, त्याला फरक पडत नव्हता. मुलगी सहज मिळाली याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. तो संतापही मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितला नाही.

आम्ही तिघी धुळ्यात माझ्या खोलीत राहू लागलो. वर्षभराने वहिनीने खापर विकत आणलं. सणासुदीला, लग्नकार्याला तिच्या मांड्यांना मागणी यायला लागली. पाळी यावी म्हणून डॉक्टरांनी वेगळ्या गोळ्या सुचवल्या, हाडांसाठी बऱ्या म्हणून. वहिनीने विचारलं, "त्यानी पोर होई का?" डॉक्टर म्हणाले, ते अवघड आहे, मुंबईला वगैरे जावं लागेल. ती म्हणाली, "मग हाडंसाठीच द्या. पोर माले शे." गल्लीत ती भांडखोर म्हणून प्रसिद्ध झाली. नळाच्या पाण्यावरून, कंडक्टरने सुट्टे पैसे दिले नाहीत म्हणून, भाचीच्या शाळेत बाईंनी मुलींना झाडू मारायला लावला म्हणून, ती भांडायची. एकदा माझ्या मुख्याध्यापकांशीही भांडली. मला दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आई आजारी पडली. मी बघायला गेले. वडील तेव्हा नव्हते. शेजारच्या बायका बसलेल्या होत्या आणि आई सांगत होती, "सून मरत होती. मी मुक्ताईले नवस बोलली म्हणून वाचली."

मी म्हटलं, "आई, तू तिच्या गोळ्या लपवल्या होत्या."

ती म्हणाली, "तवा कोणाले माहीत होतं वं?"

बायका माझ्याकडे बघू लागल्या, आजारी आईशी असं बोलते म्हणून.  आई त्या उन्हाळ्यात गेली. दहाव्याला वहिनी आली नाही. नातेवाईकांनी त्यावर खूप तोंडसुख घेतलं. त्यांना उत्तर दिलं ते मी नाही, धाकटीने. ती भर अंगणात म्हणाली, "अक्का काबरं येईल?" भाऊने तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. तिने मान खाली घातली नाही.

दहाव्याहून धुळ्याला परतले तेव्हा वहिनी स्टोव्हवर चहा ठेवत होती. भाची अभ्यासाला मैत्रिणीकडे गेली होती. मी पिशवी ठेवली आणि तिथेच, उभ्या उभ्या, म्हटलं, "वहिनी, मी लग्नात आले होते. जेवले होते. स्वेटरवरून तुम्हाला हसले होते. मला माफ करा."

तिने साखर टाकली, चहा उकळू दिला. खूप वेळ गेला. पण आता तो वेळ आजाराचा नव्हता. ती विचार करत होती.

"नही," ती म्हणाली. "आजून नही."

मग तिने दोन कपांत चहा गाळला आणि एक माझ्यापुढे ठेवला.